काथ्याकूट

मस्कतमध्ये अल बुस्तान पॅलेस हॉटेलजवळच्या चौकात, वाहतूक बेटाच्या मधोमध, एक लाकडी जहाज उभं आहे. नाव 'सोहार'. गाड्या त्याला वळसा घालतात आणि आपापल्या वाटेनं निघून जातात.

आयर्लंडमध्ये राहून जुन्या सागरी कथांचा माग काढणाऱ्या टिम सेव्हरिन या लेखक-दर्यावर्द्यानं हे जहाज १९८० साली ओमानच्या सूर बंदरात बांधून घेतलं. सिंदबादच्या गोष्टींमागे खरे प्रवास असतील का, हे त्याला पाहायचं होतं. मागे सुलतान काबूस यांचं पाठबळ होतं. लाकूड मलबारचं, सुंभ नारळाचा, फळ्या शिवणारी माणसं लक्षद्वीपची. खिळा एकही नाही. फळीला फळी सुंभानं शिवलेली. त्यासाठी लागलेला सुंभ उलगडला असता तर सुमारे ४०० मैल भरला असता. नोव्हेंबर १९८० मध्ये जहाज निघालं, लक्षद्वीप, कालिकत, श्रीलंका, सुमात्रा करत जुलै १९८१ मध्ये चीनमधल्या कँटनला पोहोचलं. वाटेत वारा पडला तेव्हा ते आठवड्यांमागून आठवडे समुद्रात एकाच जागी डुलत राहिलं. खलाशांनी पावसाचं पाणी साठवलं, शार्क पकडून खाल्ले. एवढं सगळं सोसलेलं जहाज आता चौकात आहे.

जानेवारी २०२६च्या मध्याला मस्कतमध्ये त्याच जातीचं दुसरं जहाज आलं. भारतीय नौदलाचं 'कौंडिन्य' २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारीला मस्कतला लागलं. इंजिन नाही, खिळे नाहीत. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून आराखडा काढलेला, गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेलं, केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली शिवलेलं. लांबी साडेएकोणीस मीटरच्या आसपास. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं होतं आणि हा त्याचा पहिला परदेश प्रवास.

त्याच सुमारास 'सोहार'च्या चौकातून एक गाडी जात होती. गाडीत रत्नागिरीकडचे एक मामा आणि त्यांची मस्कतला राहणारी भाची. मामा मर्चंट नेव्हीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले. भाची जुन्या लाकडाचं जतन करते. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत बसून किडलेल्या दारांना आणि पेटाऱ्यांना औषधपाणी करणं हे तिचं काम. वाद पेटला तो याच चौकात, आणि वाचणाऱ्याला वाटेल त्याच्या नेमका उलट. समुद्रावर हाडं झिजवलेला माणूस म्हणत होता की जहाज किनाऱ्यावर घ्या. संग्रहालयातली बाई म्हणत होती की ते पाण्यातच राहू द्या, फुटेपर्यंत.

"बघ, किती सुखात बसलंय," मामा म्हणाले. "एक सफर केली, नाव केलं, निवृत्त झालं. कौंडिन्यलाही असंच बसवा. मुंबईला बसवा, कारवारला बसवा, पोरं बघतील."

"बसलंय कुठे मामा, वाळत घातलंय."

तिचं म्हणणं सरळ होतं. शिवलेल्या जहाजाच्या फळ्या पाण्यात फुगतात, एकमेकींना घट्ट भिडतात, शिवणीवर ताण बसतो आणि म्हणून पाणी आत येत नाही. उन्हात ठेवलं की फळ्या आक्रसतात, मधे फटी पडतात, काथ्या ठिसूळ होतो. मस्कतच्या उन्हाळ्यात माणूस दहा मिनिटं उभा राहत नाही, तिथे काथ्या किती वर्षं राहणार? जमिनीवर आणलेलं असं जहाज टिकवायचं तर शिवण नुसती दिसण्यापुरती ठेवावी लागते. ते उभं राहतं ते टेकू आणि रंग यांच्या जिवावर.

मामांनी मान हलवली, पण हलली ती वेगळ्याच कारणासाठी. "तू लाकडाची काळजी करतेस, मी माणसांची. बाउंटीचं ठाऊक आहे ना?"

बाउंटीची गोष्ट बंदराबंदरात सांगितली जाते. 'म्यूटिनी ऑन द बाउंटी' या हॉलिवूडपटासाठी १९६० साली कॅनडातल्या लूननबर्गला हे जहाज बांधलं. चित्रपट संपल्यावरही ते अर्धं शतक हिंडलं, लोकांनी तिकीट काढून पाहिलं. २५ ऑक्टोबर २०१२ला ते अमेरिकेच्या न्यू लंडन बंदरातून फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला निघालं. समोरून 'सँडी' चक्रीवादळ येत होतं, आणि ते येतंय हे सगळ्यांना माहीत होतं. थोड्याच दिवसांपूर्वी दुरुस्तीत फळ्या काढल्या तेव्हा आतली लाकडं कुजलेली सापडली होती. २९ ऑक्टोबरच्या पहाटे, केप हॅटरसपासून सुमारे ९० मैलांवर, इंजिनं बंद पडली, पंप थांबले, जहाज कलंडलं. सोळा जणांपैकी चौदा जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरनी उचललं. एका खलाशी तरुणीचा मृत्यू झाला. कप्तान सापडलाच नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं २०१४ साली अहवालात दोष कप्तानाच्या बेदरकार निर्णयावर ठेवला.

"मग दोष कप्तानाचा," भाची म्हणाली. "जहाज चालवण्याचा नाही."

"तो निर्णय डोक्यात येतो कुठून, ते बघ ना. पुढच्या बंदरात कार्यक्रम ठरलेला असतो. देखाव्याच्या जहाजाला तारखा असतात गो. मी तीस-चाळीस हजार टनांची जहाजं नेली आहेत. भाडेकरूचा फोन यायचा, 'वेळेवर पोहोचा.' तेव्हा इंजिन तरी होतं पोटात. इथे वाऱ्यावर सगळा कारभार, आणि बंदरात हारतुरे घेऊन मंत्री उभा. वाऱ्याला काय सांगणार, मंत्री थांबलेत म्हणून?"

कौंडिन्य डिसेंबरअखेर निघालं हे शहाणपणाचंच होतं, कारण तेव्हा ईशान्येचा वारा गुजरातेतून ओमानकडे नेतो. हे मामांनी मोकळेपणानं मान्य केलं. त्यांची भीती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सफरीची होती. पहिल्या सफरीला सगळे डोळ्यांत तेल घालून बसतात. जहाज जुनं होतं तशी डोळ्यांवर झापड येते.

आणि नुसतं वादळच का? चिनी बांधणीचं 'प्रिन्सेस ताइपिंग' हे जुन्या जंक जहाजाचं प्रतिरूप अख्खा प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेला गेलं, परत आलं, आणि एप्रिल २००९ मध्ये तैवानचा किनारा जवळ आलेला असताना रात्री एका मालवाहू जहाजानं त्याचे दोन तुकडे केले. सगळे वाचले हे नशीब. मामांनी या अपघाताची दुसरी बाजू सांगितली, जी बहुधा कोणी सांगत नाही. ते स्वतः मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर उभे राहिलेले. लाकडी बोट रडारवर धड दिसत नाही. लाटांच्या ठिपक्यांत तिचा ठिपका हरवतो. कोकणातले किती ट्रॉलर असे बुडाले, याची ते आठवण काढत नाहीत, पण विसरलेही नाहीत.

इथे भाची काही वेळ गप्प राहिली. मग तिनं आपल्या बाजूचा दाखला काढला, आणि तो मामांच्या बाजूला चांगलाच लागला.

कोलंबसाच्या सफरीला ५०० वर्षं झाली म्हणून स्पेननं त्याच्या तिन्ही जहाजांची प्रतिरूपं बांधली. ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेली आणि पुढे टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्ती शहरात मुक्कामाला आली. १९९४ मध्ये एका बार्जनं 'पिंटा' आणि 'सांता मारिया' यांना धडक दिली. दोन्ही जहाजं जमिनीवर, संग्रहालयाच्या आवारात आणली. तिथे ती कुजत राहिली. दुरुस्तीचे बेत झाले, पैसे जमले नाहीत, आणि २०१४ मध्ये दोन्ही तोडून टाकली. तिसरं 'नीन्या' पाण्यात होतं. ते २०१७च्या 'हार्वी' वादळात धक्क्यालाच बुडालं.

"म्हणजे पाण्यातलंही गेलंच की," मामा.

"गेलं, पण बांधून ठेवलेलं असताना गेलं. जमिनीवर दोन, धक्क्याला एक. समुद्रात एकही गेलं नाही."

हा हिशेब चलाख आहे, तिलाही ते कळत होतं. तीन जहाजांवरून सिद्धांत होत नाही. नेदरलँड्समधलं 'प्रिन्स विलेम' तर ना वादळानं गेलं ना कुजण्यानं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचं हे प्रतिरूप, १९८० च्या दशकात जपानमधल्या पर्यटन नगरीसाठी बांधलं, नंतर मायदेशी आणलं, आणि जुलै २००९ मध्ये देन हेल्डरच्या बंदरात आगीत खाक झालं. बंदरात बांधलेल्या जहाजालाही एक ठिणगी पुरते.

मग मामा म्हणाले, "पण आपलं आहे म्हणून तरी जपायला नको का?"

"आपलं? मामा, विक्रांतचं काय झालं?"

हे मामांना झोंबलं. पहिली विक्रांत, १९६१ साली नौदलात आलेली, १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली. १९९७ मध्ये निवृत्त. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद केली, आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्याला तोडायला सुरुवात झाली. तिच्या लोखंडातून मोटारसायकल निघाली आणि मुंबईत ती विकलीही गेली. ती प्रतिरूप नव्हती, अस्सल होती. स्टॉकहोममध्ये १६२८ साली बुडालेलं 'वासा' १९६१ मध्ये वर काढलं, तर त्याच्यावर सतरा वर्षं रसायनाचा फवारा मारत बसले, कारण ते दुसऱ्यांदा मिळणार नाही. मुंबईत वाडियांच्या गोदीत १८१७ साली सागवानातून बांधलेलं 'त्रिंकोमाली' इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये अजून जपून ठेवलं आहे, ते याच कारणानं.

"अस्सल मोडून खाल्लं," भाची म्हणाली, "आणि नक्कल तेवढी काचेत ठेवायची म्हणता. नक्कल परत करता येते, हाच तर तिचा एकमेव फायदा!"

इथे लेखकालाही बाजू घ्यावीशी वाटते आणि ती भाचीची आहे. पण तिचा सर्वांत पक्का मुद्दा हा नव्हता. तो पुढे, गाडी मत्रहच्या चढाला लागल्यावर आला, आणि त्यात जहाजापेक्षा सुंभाला जास्त जागा होती.

शिवण कशी होते ते तिनं मोटारीत, हातवारे करून सांगितलं. दोन फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोकं पाडायची. सांध्यावर आतून नारळाच्या सोडणाची जाड वात ठेवायची. मग एक माणूस जहाजाच्या आत, एक बाहेर. सुंभ एका भोकातून बाहेर, शेजारच्या भोकातून आत. आतला माणूस लाकडी दांड्याला सुंभाचा वेढा देऊन अंगाचा भार टाकतो, तोवर बाहेरचा खुंटी ठोकून भोक अडवतो, नाहीतर ताण सुटतो. टाका सैल पडला की तो एकटा सैल पडत नाही, रांगच्या रांग सुटते. भोकं शेवटी काथ्या आणि राळेनं बुजवायची. ओमानी परंपरेत तळाला चुना आणि बकऱ्याची चरबी फासत, किड्यानं लाकूड पोखरू नये म्हणून. आणि सुंभ कसला? सोडण खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून, लाकडानं ठेचून, हातानं वळलेला. बाजारात मिळतो तो यंत्रावरचा काथ्या इथे चालत नाही, हे सेव्हरिनला लक्षद्वीपमध्ये शिकावं लागलं.

"आता मोज," ती म्हणाली. "१९८०ला सोहार. शिवणारे लक्षद्वीपहून शोधून आणले. २००८-०९ला इथेच मस्कतजवळ 'ज्वेल ऑफ मस्कत' बांधलं, इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या नवव्या शतकातल्या अरबी जहाजावरून. परत केरळहून माणसं शोधली. २०२३ला कौंडिन्य. परत तीच शोधाशोध. प्रत्येक वेळी जहाज झालं, सफर झाली, जहाज बसवलं, माणसं घरी गेली. ज्वेल ऑफ मस्कत २०१० मध्ये सिंगापूरला गेलं, ओमाननं ते त्यांना भेट दिलं, सेंटोसावरच्या संग्रहालयात ठेवलं. छान झालं. पण शिवणाऱ्यांचं काय? जहाज चालत राहिलं तर ते दर वर्षी-दोन वर्षांनी उपसून शिवावं लागेल. आणि शिवावं लागेल, म्हणजे शिवणारा लागेल."

मामांनी यावर मार्को पोलोचा दाखला दिला. होर्मुझला शिवलेली जहाजं पाहून तो घाबरला होता, आणि त्यांतली पुष्कळ बुडतात असं त्यानं लिहून ठेवलं. भाची हसली. "तरी होर्मुझहून भारतात घोडे नेणारी जहाजं तीच होती, मामा."

पण मामांकडे आणखी एक धारदार आक्षेप होता, आणि तो वाचकानं मनावर घ्यावा असा आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर जहाजाचं चित्र आहे, आराखडा नाही. त्यात मापं नाहीत, तळ दिसत नाही. कौंडिन्यचा आकार चित्रकाराच्या कुंचल्यावरून आजच्या माणसांनी अनुमानानं काढला आहे. आयआयटी मद्रासमध्ये छोट्या नमुन्यावर पाण्यात चाचण्या करून, नौदलाच्या हिशेबानं स्थिर होईल अशा बेतानं. पुढच्या टोकाला सिंहयाळी, शिडावर गंडभेरुंड आणि सूर्य, हडप्पा काळच्या धर्तीचा दगडी नांगर. वेगवेगळ्या शतकांच्या खुणा एकाच जहाजावर आल्या आहेत. "मग समुद्रात फिरवून तुम्ही काय सिद्ध करणार? आजच्या इंजिनिअरनं काढलेलं जहाज चालतं, एवढंच."

"बरोबर," भाची म्हणाली, आणि मामा चकित झाले. "म्हणून तर बसवायचं नाही. चौकात बसवलं की खाली पाटी लागते. 'पाचव्या शतकातलं भारतीय जहाज.' पाटीवर 'बहुधा' कोणी लिहीत नाही. वीस वर्षांनी पाठ्यपुस्तकात तेच चित्र येईल आणि अजिंठ्याचं खरं चित्र बाजूला पडेल. चालतं जहाज चुका दाखवतं. डावीकडे जास्त झुकतं का, सुकाणूचं वल्हं किती माणसांना आवरत नाही, शीड वाऱ्याच्या किती जवळ नेता येतं. पुढचं जहाज त्यावरून बदलायचं."

डेन्मार्कच्या रॉस्किल्डला असंच चालतं. तिथे खाडीच्या तळातून १९६२ मध्ये काढलेली पाच व्हायकिंग जहाजं संग्रहालयात आहेत, आणि बाहेर गोदीत त्यांची प्रतिरूपं बनत राहतात. त्यांतलं सर्वांत मोठं 'सी स्टॅलियन' २००७ मध्ये साठेक माणसांनी डब्लिनपर्यंत नेलं. मूळ जहाज अकराव्या शतकात डब्लिनलाच बांधलेलं होतं. 'रोआर एगे' नावाचं छोटं मालवाहू प्रतिरूप १९८४ पासून बत्तीस वर्षं चालवलं. २०१६ मध्ये ते थकलं, बाहेर काढलं. मग त्याच मूळ जहाजाचं दुसरं प्रतिरूप तिथल्या तिथे बांधलं, २०२२ मध्ये पाण्यात सोडलं. रोआर एगेवर शिकलेल्या गोष्टी त्यात उतरल्या. अस्सल आत, नक्कल बाहेर, आणि नकलेची नक्कल व्हायला हरकत नाही. असा तो कारभार आहे.

"पैसे?" मामा म्हणाले. त्यांना तोवर बोलण्यात मजा येऊ लागली होती. त्यांनी फ्रान्सच्या 'एर्मिओन'चं नाव काढलं. लाफायेतला अमेरिकेला घेऊन गेलेल्या अठराव्या शतकातल्या फ्रिगेटचं प्रतिरूप. रोशफोरला १९९७ मध्ये बांधायला घेतलं, २०१५ मध्ये अटलांटिक ओलांडून व्हर्जिनियाच्या यॉर्कटाउनला नेलं. आणि २०२१ मध्ये दुरुस्तीला गोदीत घेतलं तेव्हा ओकच्या लाकडात बुरशी सापडली. खर्च कोटींच्या घरात. "तुझ्या चालत्या जहाजाचं हे होतं. बरं, ते श्रीमंत देश."

"पण ते बांधायला पैसे कुठून आले ते सांग ना. पंधरा वर्षं लाखो लोक तिकीट काढून नुसतं बांधकाम बघायला येत होते. जहाज अर्धवट असतानाच त्यानं जास्त कमावलं. दिवाडीला तसं का नको? जुन्या गोव्याला रोज बसा भरून लोक येतात. व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की समोर फेरीबोट, पलीकडे दिवाडी. चर्च बघून झालं की जहाज शिवताना बघायचं."

मामांनी यावर आपल्या अटी घातल्या, जहाजाचा ताबा देताना लिहून देतात तशा. कौंडिन्य चालवायचं तर ऑक्टोबर ते मार्च. सोबत नौदलाचं जहाज दिसण्याच्या अंतरावर. कुठल्याही बंदरात पोहोचण्याची तारीख जाहीर करायची नाही, पोहोचल्यावर सांगायचं. आणि पावसाळ्यात ते उपसून प्रत्येक शिवण तपासायची, अधिकाऱ्यानं नाही, शिवणाऱ्यानं. त्याची सही झाल्याशिवाय नांगर उचलायचा नाही.

सगळ्या अटी भाचीला मान्य होत्या. मग तिनं आपली एकच अट सांगितली: दिवाडीला दुसरं जहाज आताच सुरू करायचं, पहिलं थकायची वाट बघायची नाही, आणि त्यावर कोकणातली, गोव्यातली, केरळातली पोरं शिकाऊ म्हणून घ्यायची.

"पगार?" मामांनी लगेच विचारलं. "शिकाऊ म्हणून काय देणार? ट्रॉलरवर हंगामात जे मिळतं त्याहून कमी दिलंस तर खारव्याचा पोर सुंभ वळायला येईल कशाला? मी माणसं धरून ठेवलेली आहेत जहाजावर. ती गौरवानं राहत नाहीत, पगारानं राहतात. विमा कोण काढणार? पावसाळ्याचे चार महिने त्यांनी खायचं काय? शिकून झाल्यावर नोकरी कुठे?"

भाचीकडे याचं उत्तर नव्हतं. लाकडाचं तिला माहीत होतं, पगारपत्रकाचं नाही. मामांना मात्र आता लिहायला कागद हवा होता. बंदराकडे वळेपर्यंत त्यांनी गाडीच्या कप्प्यातली पेट्रोलची जुनी पावती काढून तिच्या पाठीवर आकडे मांडायला घेतले: सहा शिकाऊ, दोन जुने जाणते, एक तांडेल.